पायाचं नख जाड आणि पिवळं झालंय? काय करायचं, कशाच्या नादी लागायचं नाही

अंगठ्याचं नख पिवळं पडलंय, इतकं जाड झालंय की नेलकटरच्या तोंडात मावत नाही, आणि कसंबसं कापायला गेलं की खालून पांढरा-पिवळा भुगा पडतो. अशी वेळ आली की बहुतेक लोक एकतर मोजे घालून विषय झाकून टाकतात, नाहीतर मेडिकलमध्ये जाऊन "नखाला फंगस झालंय, काहीतरी द्या" म्हणून एक ट्यूब आणतात, तीन आठवडे लावतात आणि फरक दिसेना म्हणून फेकून देतात. दोन्हीत बुरशी मजेत राहते.

औषधांकडे वळायच्या आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. जेवढं नख खराब झालंय ते परत चांगलं होत नाही, कुठल्याच औषधाने नाही. नख म्हणजे केराटिनचा निर्जीव थर, त्यात रक्त नाही की काही नाही, मग ते भरून कुठून येणार. औषध काय करतं तर मुळातून जे नवीन नख येतंय त्याला बुरशीपासून वाचवतं. ते नवीन नख हळूहळू पुढे सरकतं, जुनं खराब नख पुढे ढकललं जातं आणि ते आपण कापत राहायचं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताचं याच्या दुप्पट. म्हणजे अंगठ्याचं अख्खं नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात, वय जास्त असेल तर त्याहूनही जास्त. तीन आठवड्यात ट्यूबने फरक पडला नाही यात ट्यूबचा दोष असेल नसेल, पण तीन आठवड्यात जगातल्या कुठल्याच औषधाने डोळ्याला दिसेल असा फरक पडला नसता.

आधी बुरशीच आहे ना ते बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग वर्षभर चुकीचा उपचार चालतो. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांमध्ये बुरशी सापडते, बाकीच्यांचं कारण भलतंच असतं. वारंवार ठेच लागणं, बूट पुढून घट्ट असणं, पळताना किंवा उतारावर चालताना अंगठा बुटाला आपटत राहणं, याने नखाचं मूळच दुखावतं आणि नख जाड आणि वेडंवाकडं यायला लागतं. सोरायसिस या त्वचेच्या आजारात पण नख जाड होतं, सुटतं, खाली भुगा साचतो, अगदी बुरशीसारखंच दिसतं, फक्त तेव्हा हाताच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का, कोपरांवर किंवा डोक्यात खपल्या आहेत का ते बघायचं. म्हातारपणी नखं तशीही जाड होतात, काही जणांची तर शिंगासारखी वळतात, त्यात बुरशी असेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं? बुरशीचं नख बहुतेक वेळा पुढच्या टोकाकडून किंवा कडेच्या कोपऱ्यातून सुरू होतं आणि मुळाकडे सरकतं, सुरुवातीला एक-दोन नखंच असतात, बहुतेक अंगठाच. आणि सगळ्यात मोठी खूण नखावर नसून त्वचेवर असते. बोटांच्या बेचक्यात, खासकरून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, पांढरी पडलेली ओलसर कातडी, खाज, भेगा, म्हणजे आपण ज्याला चिखल्या म्हणतो ते आहे का बघा. तळपाय बघा. तळव्याला आणि कडेकडेने बारीक पिठासारखा कोंडा निघत असेल, सुरकुत्यांच्या रेघा पांढऱ्या उठून दिसत असतील, तर लोक त्याला "पाय कोरडे पडलेत" म्हणून वर्षानुवर्ष मॉइश्चरायझर लावत बसतात, पण ती बऱ्याचदा त्याच बुरशीची त्वचेवरची बाजू असते. खाज असेलच असं नाही, म्हणून तर कुणाला पत्ता लागत नाही. याउलट दहाच्या दहा नखं एकदम सारखी जाड झालीत आणि पायाची त्वचा एकदम स्वच्छ आहे, तर बुरशीचा संशय जरा बाजूला ठेवा.

नखाखाली काळा-लाल डाग असेल आणि ठेच लागल्याचं आठवत असेल तर तो गोठलेल्या रक्ताचा असायची शक्यता जास्त, डागाच्या मागच्या कडेचा एक फोटो काढून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी डाग पुढे सरकलेला दिसला पाहिजे. सरकत नसेल, किंवा नखात मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी उभी पट्टी असेल आणि ती रुंद होत असेल, रंग नखाच्या मागच्या त्वचेवर उतरला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच स्किन स्पेशालिस्टकडे जा, कारण मेलानोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर नखाखाली असाच दिसतो. नख हिरवट झालं असेल तर ते बहुतेक बॅक्टेरियाचं काम असतं, त्याला बुरशीचं औषध देऊन काही होत नाही.

खात्रीसाठी टेस्ट असते आणि ती साधी आहे. डॉक्टर नखाखालचा भुगा खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात, त्याने केराटिन विरघळतं आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसतात. याला केओएच म्हणतात, रिपोर्ट लवकर येतो. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, मात्र काही आठवडे लागतात, पण नेमकी कुठली बुरशी ते कळतं (बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची निघते, चिखल्या करणारी पण हीच). कापलेल्या नखाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवून पीएएस नावाचा रंग देऊन बघतात, ती टेस्ट जास्त भरवशाची, आणि काही ठिकाणी पीसीआर पण होते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सॅम्पल नखाच्या पुढच्या टोकाचं घेऊन उपयोग नाही, जिथे खराब आणि चांगलं नख मिळतं तिथपर्यंत आत जाऊन घ्यावं लागतं, कारण जिवंत बुरशी तिथे असते. दोन, सॅम्पलच्या आधी काही आठवडे क्रीम किंवा लॅकर (नेलपॉलिशसारखं नखावर लावायचं औषध) बंद असावं, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. एकदा निगेटिव्ह आली म्हणून बुरशी नाहीच असंही नसतं, लक्षणं जुळत असतील तर परत करतात.

तीन महिने गोळ्या घ्यायच्या असतील तर निदान ही टेस्ट तरी करून घ्या. "दिसतंय तर फंगसच" म्हणून सोरायसिसला बुरशीच्या गोळ्या खाणं हा काय शहाणपणा आहे का.

घरी हात लावू नये असे लोक

डायबेटिस असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, किमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर पुढचं कापायचं-घासायचं स्वतः करू नका, डॉक्टरकडून किंवा पायाची काळजी घेणाऱ्या ट्रेन्ड माणसाकडून करून घ्या. डायबेटिसमध्ये पाय पाण्यात भिजवत बसणं पण नको. कारण सरळ आहे, छोटीशी कापल्याची जखम कळतच नाही, ती चिघळते आणि मग प्रकरण नखापुरतं राहत नाही. आणि कुणाच्याही नखाच्या बाजूला लाली, सूज, ठणका, पू असेल तर आधी ते दाखवा, बुरशी कुठे पळून जात नाही.

नख पातळ करणं, हेच खरं काम

औषधाबद्दल सगळे विचारतात, कानस मारण्याबद्दल कुणी विचारत नाही. पण जाड नखावर वरून लॅकर लावणं म्हणजे ओल आलेली भिंत न खरवडता वरून रंग मारणं, औषध वरच्या वर राहतं आणि बुरशी खाली. शिवाय पातळ केलं की बुटात दुखायचं लगेच थांबतं, हा फायदा त्याच दिवशी मिळतो, त्यासाठी वर्षभर थांबावं लागत नाही.

साधं नेलकटर जाड नखाला चालत नाही, त्याचं तोंड पुरत नाही आणि जोर लावला की नख उभं चिरतं. निपर घ्या, पकडीसारखा असतो, स्प्रिंगवाला, लांब दांड्याचा. सोबत एक खरखरीत नेल फाईल किंवा एमरी बोर्ड आणि एक बोथट टोकाची लाकडी काडी. बस एवढंच.

कोमट पाण्यात पाय १०-१५ मिनिटं बुडवा, किंवा सरळ अंघोळीनंतर बसा. चांगल्या उजेडात, पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन, वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा, चष्मा लागत असेल तर चष्मा लावून. आधी काडीने नखाखालचा मऊ झालेला भुगा हळूहळू बाहेर काढा. इथे घाई नको, खोदायचं तर अजिबातच नाही. जिथपर्यंत नख खालच्या मांसापासून सुटलंय तिथपर्यंत काडी आपोआप जाते आणि काही दुखत नाही, जिथे अडली किंवा टोचलं तिथे थांबायचं, पुढे नख चिकटलेलं आहे. आता भुगा निघाला की खाली जी फट दिसते त्यात निपरचं खालचं पातं जाईल. कोपऱ्यातून सुरुवात करा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तुकडा घेऊ नका, कट, कट, कट करत आडवं जायचं. एका झटक्यात अख्खं नख कापायला गेलात तर ते कुठे चिरेल ते तुमच्या हातात राहत नाही. सरळ आडवं कापा, कोपरे आत गोल घेऊ नका, कोपरा खोल कापला की वाढताना नख मांसात घुसतं आणि बुरशी राहिली बाजूला, ते दुखणं वेगळंच सुरू होतं. कोपऱ्याची टोचणारी धार फाईलने मोडली की पुरे.

मग पाय पूर्ण वाळू द्या, ओलं नख नीट घासलं जात नाही. वाळलं की फाईल नखाच्या पाठीवर ठेवा आणि एकाच दिशेने, मुळाकडून टोकाकडे, सपाट घासा. उगाच पुढे-मागे करवतीसारखं चालवू नका, थर सुटतात. मधेमधे थांबून बोटाने नख दाबून बघा, जरा दबायला लागलं, किंवा घासताना गरम लागायला लागलं की आजच्या पुरतं झालं. एका बैठकीत पातळ करायचा हट्ट नको. जी पूड उडते ती नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, खाली कागद पसरा आणि कागद गुंडाळून टाकून द्या, फुंकर मारून उडवू नका, तीच पूड तुम्हाला जमिनीवर अनवाणी पायाखाली भेटेल. नंतर निपर साबणाने घासून धुवा, वाळवा, अल्कोहोलने पुसा. फाईल फक्त त्याच नखाची, चांगल्या नखाला तीच लावली तर तुम्ही स्वतःच बुरशी पेरताय, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तर मुळीच नको. हे सगळं दर एक-दोन आठवड्यांनी करायचं, पहिल्या वेळेला वेळ लागतो, मग सोपं जातं.

नख दगडासारखं असेल आणि फाईलला दादच देत नसेल तर ४० टक्के यूरियाचं क्रीम किंवा पेस्ट वापरतात. बाजूच्या त्वचेला पेट्रोलियम जेली लावून किंवा टेप लावून झाकायचं, नखावर यूरियाचा जाड थर द्यायचा, वरून प्लास्टिक गुंडाळून टेप मारायची आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी धुवून मऊ झालेला थर काडीने खरवडायचा. एक-दोन आठवडे हे केलं की नख मऊ चीजसारखं नाही पण कापता येईल इतपत होतं. यूरिया चांगल्या नखाला फारसं काही करत नाही, खराब केराटिनच जास्त मऊ होतं, म्हणून ही पद्धत मला नख उपटून काढण्यापेक्षा कितीतरी बरी वाटते. ऑपरेशन करून नख काढणं हा फार थोड्या केसेसचा विषय आहे आणि नुसतं काढून औषध दिलं नाही तर नवीन नखात बुरशी परत येते.

लॅकर कुणाला, गोळ्या कुणाला

नखाच्या पुढच्या अर्ध्या भागातच बुरशी आहे, मुळापर्यंत पोचलेली नाही, दोन-तीनच नखं आहेत आणि फार जाड नाहीत, तर नुसत्या वरून लावायच्या औषधावर प्रयत्न करता येतो. नखाच्या फक्त पृष्ठभागावर खडूसारखे पांढरे डाग असतील तर तो वरवरचा प्रकार, तो खरवडून लॅकर लावल्यावर बऱ्यापैकी जातो. हे सोडून मुळापर्यंत गेलेलं, अर्ध्याहून जास्त नख खाल्लेलं, पाच-सहा नखांत पसरलेलं असेल तर नुसत्या लॅकरवर वर्ष घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

लॅकरमध्ये अमोरोल्फिन ५ टक्के आठवड्यातून एक किंवा दोन वेळा लावायचं असतं, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज लावायचं आणि सात दिवसांनी अल्कोहोलने पुसून सगळे थर काढून परत पहिल्यापासून सुरू. एफिनाकोनाझोल १० टक्के हे थेंबासारखं येतं, रोज एकदा, ४८ आठवडे. लावायची पद्धत महत्त्वाची, आधी नख घासा, मग अल्कोहोलने तेलकटपणा पुसा, मग लावा, नखाच्या पुढच्या कडेखाली पण जाऊ द्या, आणि वाळेपर्यंत मोजे घालू नका. वरून नेलपॉलिश लावून झाकायचा मोह टाळा, रंगाखाली काय चाललंय ते दिसतच नाही. आणि साधी क्लोट्रिमाझोलची ट्यूब नखावर चोळत बसू नका, ती त्वचेसाठी उत्तम आहे पण नखातून आत जातच नाही.

आकडे सांगतो म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. नुसतं सायक्लोपिरॉक्स ४८ आठवडे लावून नख पूर्ण साफ झालेले लोक ट्रायलमध्ये १० टक्क्यांपेक्षा कमी होते, एफिनाकोनाझोलला साधारण १५ ते १८ टक्के. टर्बिनाफिनच्या गोळ्यांना हाच आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास, आणि बुरशी टेस्टमध्ये निगेटिव्ह झालेले ७० टक्क्यांच्या आसपास. या दोन आकड्यांत एवढं अंतर का, तर बुरशी मरते पण आधीच दुखावलेलं नख सगळ्यांचंच आरशासारखं येत नाही, थोडं जाड, थोडं सुटलेलं राहू शकतं. लॅकर आणि गोळ्या एकत्र पण देतात.

गोळ्यांमध्ये पहिली पसंती टर्बिनाफिनला, पायाच्या नखांसाठी २५० मिलिग्रॅम रोज एक, १२ आठवडे (हाताला ६ आठवडे पुरतात). दुसरी इट्राकोनाझोल, ती रोज २०० मिलिग्रॅम १२ आठवडे देतात किंवा पल्स पद्धतीने, म्हणजे महिन्यातला एकच आठवडा २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि पुढचे तीन आठवडे सुट्टी, असे तीन महिने. फ्लुकोनाझोल आठवड्यातून एकदा देतात पण ते नख बदलेपर्यंत कित्येक महिने चालतं. हे सगळं माहितीसाठी, चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून सुरू करायला नाही, कारण यात लिव्हरचा प्रश्न आहे. आधी एएलटी, एएसटी या लिव्हरच्या टेस्ट करतात, लिव्हरचा जुना आजार असेल तर गोळ्या सहसा देत नाहीत. गोळ्या चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, मळमळ, कारण नसताना प्रचंड थकवा, तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. टर्बिनाफिनने काही जणांच्या तोंडाची चव जाते आणि परत यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, हे आधी माहीत असलेलं बरं. हार्ट फेल्युअर असेल तर नखासाठी इट्राकोनाझोल नाही म्हणजे नाही, शिवाय कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी (सिमव्हास्टॅटिन वगैरे) तिचं जमत नाही. तिची कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची असते आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर ती नीट शोषली जात नाही. टर्बिनाफिनची डिप्रेशनच्या आणि बीपीच्या काही औषधांशी खटपट होते. म्हणून डॉक्टरला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या, "तशी बीपीची एक चालू आहे" एवढ्यावर भागवू नका. गरोदर असाल, प्लॅन करत असाल, दूध पाजत असाल तर नखाच्या गोळ्या पुढे ढकलता येतात, ही काही इमर्जन्सी नाही. आणि कुणी केटोकोनाझोलच्या गोळ्या सुचवल्या तर नको म्हणा, लिव्हरला धोका म्हणून २०१३ पासून अमेरिकेत आणि युरोपात नखासारख्या कामाला त्या बाद केल्यात.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती १२ आठवडे संपल्यावर. गोळ्या संपल्या, नख बघितलं, जवळजवळ तसंच! लोक म्हणतात औषध फेल गेलं. अहो तीन महिन्यात नख वाढलंच साडेचार मिलिमीटर, दिसणार किती? मुळाजवळ, जिथे नख कातडीखालून बाहेर येतं, तिथे स्वच्छ गुलाबी पट्टी आलीये का एवढंच बघायचं. ती आली असेल तर औषध लागू पडलंय. टर्बिनाफिन नखात साठून राहतं आणि गोळी बंद केल्यावरही काही महिने काम करत असतं, त्यामुळे मनाने अजून एक कोर्स मारू नका. एक वेगळा प्रकार माहीत असू द्या, बाकी नख सुधारतंय पण मधोमध एक पिवळी-पांढरी जाड उभी रेघ तशीच राहते, तिथे नखाखाली बुरशीचा घट्ट गोळा असतो, औषध त्यात शिरत नाही, तेवढा भाग कापून-खरवडून उघडा करावा लागतो, तो डॉक्टरकडूनच करून घ्या.

लेझरबद्दल थोडक्यात, खर्चिक आहे, आणि अमेरिकेत त्याला जी मान्यता आहे ती "स्वच्छ नखात तात्पुरती वाढ" एवढ्याचसाठी, बुरशी बरी होते असा दावा त्यात नाही. जाहिरातीत हे वाक्य शोधून दाखवा.

विक्स, व्हिनेगर आणि मंडळी

विक्स लावायचा उपाय ऐकून मी पण हसलो होतो, पण २०११ साली १८ जणांवर खरंच एक अभ्यास झाला होता, ४८ आठवडे लावल्यावर ५ जण बरे झाले, १० जणांना थोडाफार फरक आणि ३ जणांना काहीच नाही. १८ माणसं म्हणजे काहीच नाही, आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. गोळ्या चालतच नाहीत अशा माणसाने नख घासून रोज लावलं तर नुकसान नाही, पण यावर भरवसा ठेवून बसू नका. टी ट्री ऑइलने काहींना ॲलर्जी येते, कातडी लाल होते, आली की बंद. व्हिनेगरमध्ये पाय बुडवून नखाच्या आतल्या बुरशीला काही फरक पडत नाही, फक्त बाजूची कातडी सोलवटते. आणि ब्लीच, फिनेल असलं काही पायाला लावू नका, नखाची बुरशी परवडली पण भाजलेली कातडी नको.

त्वचा, मोजे, बूट

नखाचा उपचार केला आणि चिखल्या तशाच सोडल्या तर सहा महिन्यात परत पहिल्या पानावर. बेचक्यांना आणि तळव्याला बुरशीचं क्रीम नखाच्या बरोबरीनेच सुरू करा, टर्बिनाफिन क्रीम बेचक्यांना एक-दोन आठवड्यात काम करतं, क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा चार आठवडे, तळव्याच्या जाड कातडीला जास्त वेळ लागतो. खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी बंद करणाऱ्यांचं परत येतंच येतं. क्रीम घेताना त्यात स्टेरॉइड मिसळलेलं नाही ना बघा, स्टेरॉइडने खाज दोन दिवसात गायब होते आणि बुरशी मात्र आत आरामात पसरते, नंतर ओळखायलाही येत नाही.

अंघोळीनंतर पाय पुसताना बेचक्यात टॉवेलचं टोक घालून कोरडं करा, पायाचा टॉवेल वेगळा ठेवा. कपडे घालताना आधी मोजे, मग अंडरवेअर, हसू नका, बुरशी असलेल्या पायातून चड्डी वर घेतली की तीच बुरशी जांघेत जाते आणि नायटा होतो. मोजे रोज बदला, घाम जास्त येत असेल तर दोनदा, आणि ६० डिग्री गरम पाण्यात धुवा, थंड पाण्यात बुरशीला फरक पडत नाही. एकच बूट रोज घालू नका, एक दिवस आड वापरा म्हणजे आतून वाळतो, आत बुरशीची पावडर किंवा स्प्रे मारा. फार जुने, आतून कुबट झालेले बूट सरळ टाकून द्या. नवीन घेताना सगळ्यात लांब बोट आणि बुटाचं टोक यात अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. स्विमिंग पूल, जिमच्या बाथरूममध्ये चप्पल घाला. घरात अजून कुणाला चिखल्या असतील तर त्यांचाही उपचार एकदमच, नाहीतर बुरशी आळीपाळीने फिरत राहते.

काहीच न करणं हा पण पर्याय आहे का? आहे. वय ८०, दहा गोळ्या आधीच चालू, नख दुखत नाही, डायबेटिस नाही, तर गोळ्यांच्या भानगडीत न पडता फक्त नख पातळ ठेवणं आणि चिखल्यांवर क्रीम लावणं हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रगती बघायला रोज नख न्याहाळू नका, वेड लागेल. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. किंवा चांगलं आणि खराब नख जिथे मिळतं तिथे फाईलच्या कडेने नखावर हलकीशी आडवी खूण करा, खूण नखासोबत पुढे सरकेल, आणि खराब भाग त्या खुणेच्या मागे, मुळाकडे शिरला नाही म्हणजे बुरशी हरतेय. सहा महिन्यात मुळाशी स्वच्छ पट्टीच दिसत नसेल किंवा खुणेच्या मागे पिवळेपणा शिरला असेल तर परत डॉक्टरकडे, परत टेस्ट, कारण एकतर बुरशी वेगळ्या जातीची आहे, किंवा औषधाला दाद देत नाहीये, किंवा ती बुरशी नाहीच.

बरं झाल्यावरही बऱ्याच जणांना, साधारण चार-पाचात एकाला, ते परत होतं. म्हणून नख साफ झाल्यावर सुद्धा तळव्याला आणि बेचक्यात आठवड्यातून एक-दोनदा क्रीम लावायची सवय ठेवा, लॅकर उरलं असेल तर नखाला पण आठवड्यातून एकदा. आणि एखाद्या कोपऱ्यात परत पांढरट-पिवळा ठिपका दिसला तर "बघू पुढे" करू नका, तेवढा कोपरा त्याच दिवशी कापा, पण तो तुकडा टाकून न देता कोरड्या कागदात गुंडाळून टेस्टला द्या (मधल्या काळात लॅकर लावत असाल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका), आणि सॅम्पल गेलं की मग लॅकर सुरू करा.